फोल्डरमधील सगळ्या फाइली एका डबल-क्लिकवर उघडणारी बॅच स्क्रिप्ट

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये पंधरापेक्षा जास्त फाइली एकदम निवडून त्यांवर उजवे क्लिक केले, की मेन्यूतला ‘ओपन’ हा पर्याय नाहीसा होतो. हा बिघाड नाही. चुकून शेकडो फाइली एकदम उघडून संगणक अडकून पडू नये, म्हणून मायक्रोसॉफ्टने ही मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. मात्र ज्याला दर महिनाअखेरीस ‘देयके’ नावाच्या फोल्डरमधील तीस-चाळीस पीडीएफ किंवा एक्सेल फाइली डोळ्यांखालून घालायच्या असतात, त्याला ही मर्यादा दर वेळी आडवी येते आणि तो पंधरा-पंधराचे गठ्ठे करून फाइली उघडत बसतो. हे काम चार-पाच ओळींची बॅच स्क्रिप्ट, म्हणजे विंडोज ओळीमागून ओळ चालवते अशा कमांडची साधी मजकूर-फाइल, सहज करू शकते. स्क्रिप्ट लिहिणे सोपे आहे. नेमक्या कोणत्या फाइली उघडायच्या आणि कोणत्या मुळीच उघडायच्या नाहीत, हे तिला नीट सांगणे हाच यातला खरा कामाचा भाग आहे, आणि पुढील विवेचनाचा मोठा हिस्सा त्यासाठीच राखून ठेवला आहे.

लेखनपद्धतीविषयी आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. येथे दिलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये मात्र त्यांतली सर्व अक्षरे आणि अंक इंग्रजीच टाइप करावे लागतात. ‘एको’ म्हणजे ई-सी-एच-ओ, ‘फॉर’ म्हणजे एफ-ओ-आर, ‘डू’ म्हणजे डी-ओ. ‘एफ’, ‘डीपी’, ‘एनएक्स’ असे जेथे दिसेल तेथे ती सुटी इंग्रजी अक्षरे समजावीत. टक्का, तारका, कंस, तिरकी रेघ आणि अवतरणचिन्हे जशी छापली आहेत तशीच आणि तितकीच द्यावीत. अवतरणचिन्हे सरळ उभीच हवीत. वर्डमध्ये मजकूर लिहून तो नोटपॅडमध्ये चिकटवल्यास वळणदार अवतरणचिन्हे येतात, आणि ती कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे विंडोजच्या ज्या काळ्या खिडकीत अशा कमांड चालतात तिला, समजत नाहीत.

नोटपॅड उघडून त्यात पुढील दोन ओळी लिहाव्यात.

@एको ऑफ
फॉर %%एफ इन ("%~डीपी०*.पीडीएफ") डू स्टार्ट "" "%%~एफ"

फाइल जतन करताना ‘सेव्ह ॲज टाइप’ या रकान्यात ‘ऑल फाइल्स’ निवडावे आणि ‘उघडा’ या अर्थाचे एखादे रोमन नाव देऊन त्यापुढे .बॅट हे एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारा, नावाच्या शेवटचा बिंदूनंतरचा भाग) लावावे. हे केले नाही तर नोटपॅड नावापुढे गुपचूप .टीएक्सटी जोडतो, एक्स्टेन्शन लपवलेली असल्यास ती भर डोळ्यांना दिसत नाही, आणि डबल-क्लिक केल्यावर स्क्रिप्ट चालण्याऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतो. म्हणून एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलींची एक्स्टेन्शन कायमची दिसू द्यावीत, हे उत्तम, त्याचा उपयोग या कामापुरता मर्यादित नाही. तयार झालेली फाइल ‘देयके’ फोल्डरमध्ये ठेवून तिच्यावर डबल-क्लिक केले, की त्या फोल्डरमधील सर्व पीडीएफ, त्या संगणकावर पीडीएफसाठी जो प्रोग्रॅम ठरवलेला असेल त्यात, एकामागून एक उघडतात.

पहिली ओळ फक्त कमांड स्वतः पडद्यावर उमटू नयेत यासाठी आहे. आता दुसरी ओळ शब्दाशब्दाने समजून घेऊ, कारण तिच्यातील प्रत्येक चिन्हाला काम आहे. ‘फॉर’ ही कमांड कंसातल्या वर्णनाशी जुळणारी एकेक फाइल घेते, तिचे नाव ‘एफ’ या चलात (किंमत तात्पुरती ठेवण्याच्या जागेत) ठेवते आणि ‘डू’ नंतर लिहिलेली कृती करते. चलाच्या आधी बॅच फाइलमध्ये टक्क्याची दोन चिन्हे लागतात, पण तीच ओळ काळ्या खिडकीत थेट टाइप करायची असेल तर एकच. पुष्कळ जण ओळ आधी खिडकीत तपासून पाहतात, ती चालते म्हणून जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवतात आणि मग खिडकी क्षणात उघडून बंद का होते, असा प्रश्न त्यांना पडतो. दहातल्या नऊ वेळा कारण या एका टक्क्याचे असते.

‘%~डीपी०’ म्हणजे स्क्रिप्ट स्वतः जेथे ठेवलेली आहे तो ड्राइव्ह आणि तो मार्ग, शेवटच्या तिरक्या रेघेसह. इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक नमुन्यांत हा भाग नसतो. त्यांत कंसात नुसते ‘*.पीडीएफ’ असते आणि एरवी तेही चालते. पण नुसते तारकाचिन्ह ‘सध्याच्या’ फोल्डरकडे पाहते, आणि सध्याचे फोल्डर म्हणजे स्क्रिप्टचे फोल्डरच असेल याची हमी नसते. स्क्रिप्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवली, तर सध्याचे फोल्डर सिस्टिम३२, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचे फोल्डर, असते. कार्यालयातील सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधून, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या मार्गावरून ती चालवली, तर कमांड प्रॉम्प्ट असे मार्ग चालत नसल्याची सूचना देऊन थेट विंडोजच्या मूळ फोल्डरमध्ये जाऊन बसतो. अशा वेळी कंसात ‘*.पीडीएफ’ असेल तर काहीच घडणार नाही, पण ‘*.*’ असेल तर स्क्रिप्ट रजिस्ट्री एडिटरपासून नोटपॅडपर्यंत त्या फोल्डरमध्ये जे सापडेल ते सुरू करत सुटेल. पूर्ण मार्ग लिहिल्याने हा धोका मुळातच टळतो. सूचना तरीही दिसेल, पण ती निरुपद्रवी ठरेल.

‘स्टार्ट’ या कमांडच्या पुढे असलेली रिकामी अवतरणचिन्हे निरर्थक वाटतात, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी गाळली जातात. या कमांडला अवतरणांत दिलेली पहिली गोष्ट ती नव्या खिडकीचे शीर्षक समजते. रिकामी जोडी गाळली, तर फाइलचे नावच शीर्षक ठरते, फाइल उघडतच नाही, आणि पडद्यावर फाइलींची नावे मिरवणाऱ्या चाळीस रिकाम्या काळ्या खिडक्या उभ्या राहतात. नावाभोवतीची अवतरणे काढून टाकून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो खरा, पण मग ‘मार्च देयक’ अशा मोकळी जागा असलेल्या नावाचे दोन तुकडे होतात. दोन्ही जोड्या ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. त्यांच्या आत असल्यामुळे नावातले ‘&’ हे चिन्हही बाधत नाही; एरवी कमांड प्रॉम्प्ट त्याचा अर्थ ‘येथे नवी कमांड सुरू’ असा घेतो.

एकाहून अधिक प्रकारच्या फाइली हव्या असतील, तर कंसात मोकळी जागा सोडून दुसरे वर्णन लिहावे:

फॉर %%एफ इन ("%~डीपी०*.पीडीएफ" "%~डीपी०*.एक्सएलएसएक्स") डू स्टार्ट "" "%%~एफ"

फोल्डरमधील अगदी प्रत्येक फाइल उघडायची असेल, तेव्हा मात्र सावध राहावे. ‘*.*’ लिहिले, की त्या फोल्डरमध्ये ठेवलेली स्क्रिप्टही त्या यादीत येते. ती स्वतःला उघडते. नव्याने उघडलेली प्रत पुन्हा सर्व फाइली उघडते आणि त्यांत पुन्हा स्वतःला. अशा रीतीने संगणक हतबल होईपर्यंत खिडक्यांची रांग वाढत जाते. हे टाळण्यासाठी स्वतःला वगळण्याची अट घालावी:

फॉर %%एफ इन ("%~डीपी०*.*") डू इफ /आय नॉट "%%~एफएफ"=="%~एफ०" स्टार्ट "" "%%~एफ"

येथे डावीकडे सापडलेल्या फाइलचा पूर्ण मार्ग आहे आणि उजवीकडे स्क्रिप्टचा. ‘/आय’ मुळे लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद केला जात नाही. तरीही ही ओळ सरसकट वापरू नये, असेच माझे मत आहे. ‘स्टार्ट’च्या दृष्टीने दस्तऐवज उघडणे आणि प्रोग्रॅम चालवणे यांत काहीही फरक नाही. फोल्डरमध्ये एखादी .ईएक्सई, .व्हीबीएस किंवा दुसरी .बॅट फाइल असेल, तर ती उघडणार म्हणजे चालणार. ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये अशी स्क्रिप्ट ठेवणे म्हणजे वर्षभरात उतरवलेले सगळे इन्स्टॉलर एकदम सुरू करणे होय. ज्या फोल्डरमध्ये इतरही लोक फाइली टाकतात, तेथे एक्स्टेन्शन स्पष्ट लिहिल्याशिवाय स्क्रिप्ट ठेवू नये.

एक्स्टेन्शन लिहूनही एक गंमत उरतेच. ‘*.एक्सएलएस’ असे लिहिले, तरी पुष्कळदा .एक्सएलएसएक्स फाइलीही उघडतात. डॉसच्या काळात नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीनच अक्षरे असत, आणि विंडोज अजूनही अनेक ड्राइव्हवर प्रत्येक लांब नावाच्या जोडीला असे एक आखूड नाव ठेवते. त्या आखूड नावात चौथे अक्षर गळून.एक्सएलएस एवढेच उरते, आणि तारकाचिन्हाची जुळणी दोन्ही नावांशी होते. .डॉक आणि .डॉकएक्स यांचेही तसेच आहे. केवळ जुन्या पद्धतीच्याच फाइली हव्या असतील, तर ‘डू’ नंतर इफ /आय "%%~एक्सएफ"==".एक्सएलएस" ही अट घालावी. ‘~एक्स’ मुळे चलातून बिंदूसह फक्त एक्स्टेन्शन मिळते. ‘~एन’ ने नाव मिळते, ‘~झेड’ ने बाइटमधील आकार.

फाइली कोणत्या क्रमाने उघडतात, हा प्रश्न देयके तपासणाऱ्याला लवकरच पडतो. एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर ‘फॉर’ला नावे साधारणतः अक्षरानुक्रमे मिळतात, पेन ड्राइव्हवर, जेथे बहुधा फॅट पद्धती असते, ती नोंदीच्या क्रमाने, म्हणजे साधारणपणे कॉपी झाली त्या क्रमाने मिळतात. क्रम आपल्या हाती हवा असेल, तर ‘डिर’ या कमांडकडून यादी करवून घ्यावी आणि ‘फॉर /एफ’ने ती एकेक ओळ वाचावी:

फॉर /एफ "डेलिम्स=" %%एफ इन ('डिर /बी /ए-डी-एच /ओ-डी "%~डीपी०*.एक्सएलएसएक्स"') डू स्टार्ट "" "%~डीपी०%%एफ"

यातील ‘/बी’ फक्त नावे देते, ‘/ओ-डी’ सर्वांत अलीकडे बदललेली फाइल आधी आणते. त्याऐवजी ‘/ओएन’ लिहिल्यास नावानुसार क्रम लागतो. नावानुसार म्हणजे अक्षरानुसार, हे ध्यानात ठेवावे: १ नंतर १० येईल आणि मग २, त्यामुळे फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक देण्याची सवय उपयोगी पडते. ‘डेलिम्स=’ गाळल्यास प्रत्येक नाव पहिल्या मोकळ्या जागेपाशी तुटते. ‘डिर’ नुसती नावे देत असल्यामुळे शेवटी मार्ग आपण पुन्हा जोडला आहे.

‘/ए-डी-एच’ या तुकड्याकडे थोडे बारकाईने पाहणे योग्य ठरेल. ‘-डी’ म्हणजे उपफोल्डर नकोत, ‘-एच’ म्हणजे लपवलेल्या फाइली नकोत. अनेक नमुन्यांत फक्त ‘/ए-डी’ असते, आणि ‘/ए’ लिहिताच ‘डिर’ लपवलेल्या फाइलीही दाखवू लागते. एखाद्या सहकाऱ्याने सामायिक फोल्डरमधले देयक एक्सेलमध्ये उघडून ठेवले असेल, तर एक्सेल त्याच्या शेजारी ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल निर्माण करतो. तिचेही एक्स्टेन्शन तेच असते. स्क्रिप्ट तीही उघडू पाहते आणि एक्सेल तक्रार करतो. साध्या ‘फॉर’मध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तो लपवलेल्या फाइली घेतच नाही.

मराठी नावांच्या फाइलींबाबत याच ठिकाणी खरी अडचण येते. साधा ‘फॉर’ नावे थेट युनिकोडमध्ये हाताळतो, म्हणून काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तरी ‘मार्च देयक’ ही फाइल बिनतक्रार उघडते. ‘फॉर /एफ’ मात्र ‘डिर’चा मजकूर खिडकीच्या कोड पेजमधून, म्हणजे तिला ठाऊक असलेल्या अक्षरांच्या तक्त्यातून, गाळून घेतो, आणि तेथे देवनागरीसाठी जागा नसल्याने नावांची प्रश्नचिन्हे होतात व फाइल सापडत नाही असा संदेश येतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या ओळीनंतर लगेच पुढील ओळ घालणे:

सीएचसीपी ६५००१ >एनयूएल

६५००१ हा यूटीएफ-८ या कोड पेजचा क्रमांक आहे. स्क्रिप्टमध्येच देवनागरी फोल्डरचे नाव लिहायचे असेल, तर हीच ओळ लागते आणि शिवाय फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण सुरुवातीच्या बीओएम खुणेविना (ही मजकुराचा प्रकार सांगणारी, डोळ्यांना न दिसणारी खूण असते) जतन करावी लागते. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच तसे जतन करतो. त्याआधीचा नोटपॅड ती खूण घालत असे आणि त्यामुळे पहिलीच ओळ न समजल्याचा संदेश येई. नावे मराठी ठेवावीत की नाहीत, याविषयी संगणक सांभाळणाऱ्यांचा सल्ला बहुधा ‘नको’ असाच असतो. मला तो पटत नाही. एका ओळीने जे काम भागते, त्यासाठी फोल्डरभर नावे बदलत बसण्याचे कारण नाही.

आता वेगाविषयी. ‘स्टार्ट’ एक फाइल उघडायला सांगून क्षणभरही न थांबता पुढच्या फाइलकडे वळते, त्यामुळे चाळीस फाइलींचा मारा दोन-तीन सेकंदांत होतो आणि जुन्या संगणकावर एक्सेल गोठल्यासारखा दिसतो. दोन फाइलींच्या मध्ये थोडा अवकाश द्यावा. कृती एकापेक्षा जास्त असल्या की त्या कंसात घालतात, आणि सुरुवातीचा कंस ‘डू’च्याच ओळीवर असावा लागतो:

फॉर %%एफ इन ("%~डीपी०*.एक्सएलएसएक्स") डू (
स्टार्ट "" एक्सेल /आर "%%~एफ"
टाइमआउट /टी २ /नोब्रेक >एनयूएल
)

या नमुन्यात आणखी एक गोष्ट केली आहे. फाइलच्या आधी प्रोग्रॅमचे नाव दिल्यामुळे ठरलेला प्रोग्रॅम कोणताही असो, फाइल एक्सेलमध्येच उघडते. आणि ‘/आर’ मुळे ती फक्त वाचण्यासाठी उघडते. तपासणीसाठी हेच योग्य, कारण त्यामुळे फाइल इतरांसाठी अडून राहत नाही आणि चुकून झालेला बदल मूळ फाइलमध्ये जतन होत नाही. ‘स्टार्ट’ला ‘/वेट’ जोडून एक फाइल बंद झाल्यावरच दुसरी उघडावी, असाही प्रयत्न करता येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये: आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम नवी फाइल स्वतःकडे घेऊन मोकळा होतो आणि स्क्रिप्टला काम संपले असे वाटते.

उपफोल्डरांतील फाइलीही हव्या असतील, तर फॉर /आर "%~डीपी०" %%एफ इन (*.पीडीएफ) अशी सुरुवात करावी, बाकी ओळ तीच. एक्सेलच्या बाबतीत येथे अडसर आहे, कारण एक्सेल एकाच नावाच्या दोन फाइली एका वेळी उघडू देत नाही. ‘एप्रिल’ आणि ‘मे’ या दोन्ही उपफोल्डरांत ‘गोषवारा’ असेल, तर दुसरा उघडणार नाही.

कोणतीही नवी ओळ पहिल्यांदा चालवण्यापूर्वी ‘स्टार्ट ""’ च्या जागी ‘एको’ लिहावे आणि शेवटी ‘पॉज’ ही एक ओळ घालावी. मग स्क्रिप्ट काहीही न उघडता फक्त नावांची यादी दाखवते आणि कळ दाबेपर्यंत थांबते. यादी मनासारखी आली, की शब्द बदलावा. जेथे फाइलींची संख्या दर महिन्याला बदलते, तेथे कायमची राखण म्हणून सुरुवातीला या तीन ओळी ठेवता येतात:

डिर /बी /ए-डी-एच "%~डीपी०*.पीडीएफ" | फाइंड /सी /व्ही ""
चॉइस /एम "उघडू का"
इफ एररलेव्हल २ एक्झिट /बी

पहिली ओळ संख्या सांगते, दुसरी होय-नाही विचारते आणि ‘नाही’ म्हटले तर तिसरी तेथेच थांबवते. प्रश्नाचा मजकूर रोमन लिपीत द्यावा, म्हणजे खिडकीत नीट वाचता येतो.

हेच काम पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलाच कमांड चालवणारा दुसरा, नवा प्रोग्रॅम, अधिक मोजक्या शब्दांत करतो, हे खरे आहे. पण त्याची स्क्रिप्ट फाइल डबल-क्लिकने चालत नाही, आणि घरगुती व कार्यालयीन विंडोजवर अशा फाइली चालवण्याची परवानगी सुरुवातीला बंदच असते. ज्याला संगणकाशी एरवी देणेघेणे नाही, अशा सहकाऱ्याच्या हाती द्यायला बॅट फाइल बरी. ती ई-मेलने मात्र पाठवता येणार नाही. जीमेल आणि आउटलुक दोन्ही.बॅट जोडपत्रे अडवतात, त्यामुळे सामायिक फोल्डरमधून द्यावी.

प्रत्येक फोल्डरमध्ये एकेक प्रत ठेवण्याऐवजी एकच स्क्रिप्ट सगळीकडे वापरायची असेल, तर "%~डीपी०*.पीडीएफ" च्या जागी "%~१\*.पीडीएफ" असे लिहावे (‘%~१’ म्हणजे स्क्रिप्टला दिलेल्या फोल्डरचा मार्ग) आणि त्याआधी इफ "%~१"=="" एक्झिट /बी ही ओळ घालावी, म्हणजे नुसते डबल-क्लिक झाल्यास ती ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन शोधू लागणार नाही. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘शेल:सेंडटू’ टाइप केले, की एक फोल्डर उघडते. स्क्रिप्ट त्यात ठेवावी. त्यानंतर कोणत्याही फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘सेंड टू’मधून ती निवडली, की त्या फोल्डरमधील फाइली उघडतात. विंडोज ११ मध्ये हा मेन्यू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे आहे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नसून ‘&’ असेल, तर मात्र ही युक्ती फसते, कारण एक्सप्लोरर मोकळी जागा असलेल्या मार्गालाच अवतरणांत घालून पाठवतो; अशा फोल्डरच्या नावात ‘&’च्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी.